मुक्त सोर्स, पण बिल्ड कोणाच्या हातात?

२०२४च्या मार्चमध्ये कुबरनेटीसची जुनी पॅकेज भांडारं कायमची बंद झाली. सप्टेंबर २०२३पासून ती गोठवलेली होती आणि सूचनाही दिलेल्या होत्या. तरीही ज्यांच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये जुना पत्ता तसाच राहिला होता, त्यांना नवं मशीन क्लस्टरला जोडता येईना. या सगळ्या काळात कुबरनेटीसचा सोर्स कोड जागच्या जागी होता आणि हवा त्याला मोफत मिळत होता. बंद झाला होता तो फक्त तयार बायनरी मिळण्याचा एक पत्ता. कोड मुक्त आहे म्हणजे आपण कोणावर अवलंबून नाही, ही समजूत किती अपुरी आहे ते त्या दिवसांत दिसलं.

कोड वाचता येणं ही एक गोष्ट आहे. तो आपल्या मशीनवर बिल्ड करता येणं ही दुसरी. आपण केलेली बायनरी आणि प्रकल्पाने प्रसिद्ध केलेली बायनरी एकच आहे हे ताडून पाहता येणं ही तिसरी. मुक्त सॉफ्टवेअरची चर्चा बहुतेक वेळा पहिल्या गोष्टीपाशी थांबते. कुबरनेटीसच्या निमित्ताने उरलेल्या दोहोंचा आढावा घ्यायला हवा, कारण आज बँकांपासून सरकारी सेवांपर्यंत फार मोठं काम या एका साधनावर चालतं.

ज्यांना हे साधन नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी एकत्र बांधून चालवण्याची पद्धत म्हणजे कंटेनर. असे शेकडो कंटेनर अनेक सर्व्हरवर विभागायचे, एखादा सर्व्हर पडला की त्यावरचं काम दुसरीकडे हलवायचं, गर्दी वाढली की प्रती वाढवायच्या, हे सगळं कुबरनेटीस पाहतं. गूगलने आपल्या डेटा सेंटरमध्ये बोर्ग नावाची व्यवस्था अनेक वर्षं चालवली होती. त्या अनुभवाच्या पायावर ज्यो बेडा, ब्रेंडन बर्न्स आणि क्रेग मॅकलकी यांनी हा प्रकल्प उभा केला. जून २०१४मध्ये तो जाहीर झाला, २१ जुलै २०१५ला १.० आवृत्ती आली आणि तो क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनकडे गेला. परवाना अपाची २.०. बोर्ग सी++ मध्ये लिहिलेलं होतं. कुबरनेटीससाठी गो भाषा निवडली गेली.

या निवडीचे बिल्डवर खोल परिणाम झाले. रॉब पाइक, केन थॉम्पसन आणि रॉबर्ट ग्रीसमर यांनी २००७मध्ये गोचा विचार सुरू केला, तो सी++ मधले प्रचंड प्रोग्रॅम कंपाइल होण्याची वाट पाहून कंटाळल्यामुळे. म्हणून गोचा कंपाइलर वेगवान आहे, आणि त्यातून निघणारी बायनरी बहुधा एकच स्वयंपूर्ण फाइल असते. ती दुसऱ्या मशीनवर नेऊन ठेवली की चालते. सोबत लायब्ररींचा गोतावळा न्यावा लागत नाही. इंटेलच्या लॅपटॉपवर बसून एआरएम सर्व्हरसाठीची बायनरी काढणंही यात सोपं आहे. लाखो ओळींचा हा कोड एखाद्या विद्यार्थ्याला स्वतःच्या मशीनवर बिल्ड करता येतो याचं मोठं श्रेय गोला आहे.

तरी मशीन बऱ्यापैकी दणकट लागतं. विकसकांसाठीच्या मार्गदर्शिकेत किमान ८ जीबी मेमरी, ५० जीबी मोकळी डिस्क आणि एकाहून अधिक कोअर सांगितले आहेत. लिनक्सवर काम सरळ होतं, मॅकवर ग्नूची काही साधनं वेगळी बसवावी लागतात, विंडोजवर डब्ल्यूएसएल या विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्सचा आधार घ्यावा. मग दोन वाटा आहेत. एक, गो आपल्या मशीनवर ठेवून थेट 'मेक' चालवायचं. दुसरी, प्रकल्पाने बनवलेल्या बिल्ड कंटेनरच्या आत सगळं करायचं. त्यात कंपाइलर आणि साधनं ठरलेल्या आवृत्तीची असतात, त्यामुळे 'माझ्याकडे चालतं, तुझ्याकडे का नाही' हा वाद उरत नाही. 'मेक क्विक-रिलीज' म्हटलं की चाचण्या वगळून एकाच प्लॅटफॉर्मसाठी बिल्ड होतं; 'मेक रिलीज' सगळ्या प्लॅटफॉर्मसाठी बायनरी काढतं आणि चाचण्याही चालवतं. ज्याला फक्त शिकायचं आहे त्याने यातलं काहीच सुरुवातीला करू नये. 'मेक'ला एका घटकाचं नाव देता येतं आणि तेवढाच बिल्ड होतो. कुबसीटीएल हा आज्ञा देण्याचा प्रोग्रॅम त्यासाठी उत्तम. निघालेली बायनरी आउटपुटच्या फोल्डरमध्ये पडते. दुसऱ्या वेळी बिल्ड पुष्कळ लवकर होतं, कारण न बदललेला भाग गो साठवून ठेवतं.

कुबरनेटीस हा एक प्रोग्रॅम नाही, हे बिल्ड करतानाच खऱ्या अर्थाने कळतं. एपीआय सर्व्हर, शेड्युलर, कंट्रोलर मॅनेजर, प्रत्येक सर्व्हरवर बसणारा कुबलेट, नेटवर्कचे नियम लावणारी कुब-प्रॉक्सी, क्लस्टर उभारून देणारं कुबएडीएम, अशा वेगवेगळ्या बायनरी एकाच कोड भांडारातून निघतात. 'सीएमडी' फोल्डरमध्ये प्रत्येकाचं प्रवेशद्वार आहे, खरा कोड 'पीकेजी'मध्ये आहे आणि इतर प्रकल्पांना वापरता याव्यात अशा लायब्ररी 'स्टेजिंग'मध्ये आहेत. बाहेरून घेतलेली शेकडो मॉड्युल 'व्हेंडर' फोल्डरमध्ये भांडारातच ठेवलेली असतात. याचा फायदा सहज ध्यानात येत नाही. योग्य आवृत्तीचं गो हाताशी असेल तर इंटरनेट नसतानाही बिल्ड पूर्ण होऊ शकतं. बाहेरच्या जाळ्यापासून तोडून ठेवलेल्या सर्व्हर खोल्यांमध्ये काम करणाऱ्यांना याचं मोल विचारा.

आणखी एक गोष्ट नवख्याला चकवते. या कोडचा बराच भाग माणसाने लिहिलेला नाही. एपीआयमधल्या प्रत्येक प्रकारासाठी प्रत काढणारा, आवृत्त्यांमध्ये रूपांतर करणारा, न दिलेल्या किमती भरणारा कोड जनरेटर तयार करतात. 'झेडझेड_जनरेटेड' अशी सुरुवात असलेल्या फाइली दिसल्या की त्या हाताने बदलायच्या नसतात. मूळ प्रकार बदलला की जनरेटर पुन्हा चालवायचे. ते राहून गेलं तर पडताळणीच्या स्क्रिप्ट बदल अडवतात. माझ्या मते या भांडारात योगदान देऊ इच्छिणाऱ्याने आर्किटेक्चरच्या आकृत्या पाहण्याआधी 'हॅक' फोल्डरमधल्या या स्क्रिप्ट वाचाव्यात. प्रकल्पाची शिस्त कशी आहे ते तिथे कळतं.

तीच शिस्त आवृत्तीच्या शिक्क्यात आहे. बिल्ड होताना स्क्रिप्ट गिटला विचारते की हा कोड कुठल्या टॅगचा, कुठल्या कमिटचा, त्यात कोणी न नोंदवलेले बदल केले आहेत का, आणि ते उत्तर बायनरीत कोरते. बदल असतील तर आवृत्तीच्या नावापुढे 'डर्टी' लागतं. डाउनलोड वाचवण्यासाठी गिटचा मागचा इतिहास आणि टॅग न घेता फक्त शेवटची प्रत उतरवली, तर तयार झालेला प्रोग्रॅम आपली आवृत्ती व्ही०.०.० अशी सांगतो. दिसायला क्षुल्लक बाब, पण आवृत्ती पाहून निर्णय घेणारं कुबएडीएम तिथे अडखळतं. स्वतः बिल्ड करणाऱ्याने टॅगसकट पूर्ण इतिहास घ्यावा, हा माझा ठाम सल्ला आहे. प्रॉडक्शनमध्ये चालणारी बायनरी नेमक्या कुठल्या कोडची आहे हे सांगता येत नसेल तर ती स्वतः बिल्ड करून काहीच साधलं नाही.

बिल्डची ही व्यवस्था एका दिवसात घडलेली नाही. सुरुवातीला बाहेरची मॉड्युल सांभाळायला गोडेप होतं, १.१५मध्ये, २०१९ साली, गो मॉड्युल आले. मधल्या काळात गूगलच्या अंतर्गत बिल्ड साधनातून बाहेर आलेलं बॅझेल आणलं गेलं. ते मोठ्या कोडसाठी शक्तिशाली आहे, पण 'मेक'च्या जोडीला तेही ठेवल्यामुळे प्रत्येक बदल दोन ठिकाणी सांभाळावा लागत होता. २०२१मध्ये १.२१ आवृत्तीत ते काढून टाकलं. तो निर्णय योग्यच होता. स्वयंसेवकांच्या प्रकल्पात बिल्डचं साधन नव्या माणसाला तासाभरात उमगायला हवं. थोडा वेग गेला तरी चालेल. पुढे १.३०मध्ये गो वर्कस्पेस आले आणि स्टेजिंगमधल्या लायब्ररींसाठी केलेल्या जुन्या सिमलिंकच्या करामती संपल्या. १.३१मध्ये क्लाउड कंपन्यांसाठीचा आतला कोड बाहेर गेला. त्या स्थलांतरात सुमारे १५ लाख ओळी कमी झाल्या आणि मुख्य घटकांच्या बायनरी साधारण ४० टक्क्यांनी आकसल्या. प्रकल्प वाढत असताना त्याचं बिल्ड हलकं होत जाणं दुर्मीळ आहे, आणि यामागे पडद्याआड राबलेल्या माणसांचं कौतुक व्हायला हवं.

इथपर्यंत बायनरी हाती आल्या, क्लस्टर मात्र उभं राहिलेलं नाही. क्लस्टरची सगळी स्थिती साठवणारं एटसीडी हा वेगळा प्रकल्प आहे. कंटेनर प्रत्यक्ष चालवणारे कंटेनरडी आणि रनसी वेगळे. नेटवर्कचे प्लगइन वेगळे, नावांचे पत्ते सांगणारं कोअर डीएनएस वेगळं. प्रत्येक पॉडमध्ये, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरांच्या गटात, जागा धरून बसणारा पॉज कंटेनर तेवढा याच भांडारात आहे, आणि तो चक्क सी भाषेतला इवलासा प्रोग्रॅम आहे. म्हणून 'आम्ही कुबरनेटीस सोर्सपासून बिल्ड करतो' असं कोणी सांगितलं की पुढचा प्रश्न विचारावा: यातलं किती? बहुतेकांचं उत्तर 'मुख्य घटक आमचे, बाकी तयार' असं असतं. त्यात गैर काही नाही, पण सीमा कुठे आहे ते माहीत असावं. करून पाहण्यासाठी दोन सोयी आहेत. 'लोकल-अप-क्लस्टर' ही स्क्रिप्ट एकाच मशीनवर ताज्या बिल्डचं क्लस्टर चालू करते. एटसीडी आणून देणारी स्क्रिप्टही शेजारीच आहे. 'काइंड' हे साधन आपल्या सोर्समधून नोडची इमेज बनवतं आणि कंटेनरच्या आतच अख्खं क्लस्टर उभं करतं. शिकणाऱ्याने दुसरी वाट धरावी, कारण ती मोडली तर पुसून पुन्हा सुरू करणं सोपं.

आता विश्वासाचा प्रश्न, आणि मला हाच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तयार बायनरी उतरवताना आपण सोर्सवर विश्वास ठेवत नाही. ज्या सर्व्हरवर ती बिल्ड झाली त्या सर्व्हरवर ठेवतो. डिसेंबर २०२०मध्ये उघड झालेल्या सोलरविंड्स प्रकरणात हल्लेखोर बिल्ड व्यवस्थेत शिरले होते. बिल्ड सुरू झालं की ते एक सोर्स फाइल गुपचूप बदलत. तयार झालेलं उत्पादन कंपनीच्या खऱ्या सहीनिशी सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत गेलं. सही अस्सल होती, कोड भांडार स्वच्छ होतं, आणि माल दूषित होता. मार्च २०२४मध्ये एक्सझेड या छोट्या कॉम्प्रेशन लायब्ररीत चोरदरवाजा सापडला. पोस्टग्रेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला आणि त्यांनी शोध घेतला. त्या हल्ल्याची कळ गिट भांडारात नव्हतीच. प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्ये तेवढी एक फाइल जादा होती. दोन्ही घटना सांगतात की सोर्स आणि बायनरी यांच्यामधला रस्ता हीच हल्ल्याची जागा आहे.

मग स्वतः बिल्ड केलं की सुटलो का? केन थॉम्पसन यांनी १९८४मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग व्याख्यानात याचं उत्तर दिलं आहे. कंपाइलरच दूषित असेल तर निर्मळ सोर्समधूनही दूषित प्रोग्रॅम निघतो, आणि तो कंपाइलर स्वतःला पुन्हा कंपाइल करताना तो दोष पुढच्या पिढीला देतो. त्याच्या सोर्समध्ये काहीही सापडत नाही. घरचं धान्य गिरणीवर स्वतः उभं राहून दळून घेतलं, तरी जात्यात आधीच्या गिऱ्हाइकाचं पीठ उरलं असेल तर ते आपल्या डब्यात येतंच. हेच थॉम्पसन पुढे गोच्या तीन जनकांपैकी एक झाले, आणि त्यांच्या इशाऱ्याला आजवर मिळालेलं सर्वांत भक्कम व्यावहारिक उत्तरही गोमधूनच आलं आहे.

ऑगस्ट २०२३च्या १.२१ आवृत्तीपासून गोचा अख्खा टूलचेन पुनरुत्पादनक्षम आहे. कुठल्याही मशीनवर, कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमवर बिल्ड करा, परिणाम बिट न् बिट तोच येतो. गोचा कंपाइलर २०१५पर्यंत सी भाषेत होता, १.५पासून तो गोमध्येच लिहिलेला आहे. त्यामुळे आजचा गो बिल्ड करायला जुना गो लागतो, त्याला आणखी जुना, असं करत आपण १.४पर्यंत पोचतो आणि तो साध्या सी कंपाइलरने बिल्ड होतो. १.४ वरून १.१७, तिथून १.२०, मग १.२२, अशी शिडी कोणीही चढून पाहावी आणि शेवटी आलेल्या बायनरीचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा, अधिकृत हॅशशी जुळवावा. वेगळ्या कंपाइलरने, वेगळ्या मशीनवर तोच निकाल आला तर सगळ्यांमध्ये एकच दोष लपला असण्याची शक्यता जवळजवळ संपते. ग्विक्स प्रकल्पाने तर एप्रिल २०२३मध्ये सी कंपाइलरचीही वंशावळ ३५७ बाइटच्या एका बीजापर्यंत नेऊन दाखवली. इतक्या लहान प्रोग्रॅमचा प्रत्येक बाइट माणूस वाचू शकतो.

कुबरनेटीसच्या बाबतीत या पडताळणीत एक बारीक अडथळा आहे. बायनरीत बिल्डची तारीख कोरली जाते, त्यामुळे दोन वेळा केलेली बिल्डं हुबेहूब येत नाहीत. बिल्ड स्क्रिप्ट मात्र 'सोर्स-डेट-इपॉक' हा व्हेरिएबल मानते. त्यात वेळ ठरवून दिली की हा फरक जातो. भांडारातल्या 'गो-व्हर्जन' फाइलमध्ये गोची नेमकी आवृत्ती लिहिलेली असते, तीच वापरायची. दुसऱ्या बाजूने प्रकल्पाने १.२४ आवृत्तीपासून कंटेनर इमेजवर आणि १.२६पासून बायनरींवरही सिगस्टोरच्या साहाय्याने सह्या करायला सुरुवात केली. सही माल कोणाकडून आला ते सांगते. तो कशापासून झाला हे फक्त पुन्हा बिल्ड करूनच कळतं. दोन्ही हवेत, आणि पहिलं आहे म्हणून दुसरं टाळणाऱ्यांशी मी सहमत नाही.

प्रत्यक्षात स्वतः बिल्ड करतं कोण? बहुतेक मोठे वितरक. ॲमेझॉनने डिसेंबर २०२०मध्ये ईकेएस डिस्ट्रो जाहीर केलं, त्यात सोर्सपासून बिल्ड केलेल्या आणि जोडीने तपासलेल्या आवृत्त्या असतात. ओपनशिफ्ट बनवणाऱ्या रेड हॅटचं पुण्यात मोठं कार्यालय आहे. तेही आपले घटक स्वतः बिल्ड करतात. २०१९मध्ये आलेल्या के३एसने सगळे घटक एकाच छोट्या बायनरीत बसवून लहान यंत्रांसाठी सोय केली. डेबियन या लिनक्स वितरणात मात्र २०२०च्या सुमारास मोठा वाद झाला. प्रत्येक लायब्ररी वेगळी पॅकेज करावी ही तिथली परंपरा, आणि कुबरनेटीसच्या व्हेंडर फोल्डरमध्ये शेकडो लायब्ररी. तांत्रिक समितीने पॅकेज सांभाळणाऱ्याचा व्हेंडर कोड ठेवण्याचा निर्णय फिरवला नाही. व्यवहार म्हणून ते बरोबर झालं, तरी एका लायब्ररीत दोष निघाला तर तो किती ठिकाणी दुरुस्त करायचा, हा परंपरावाद्यांचा प्रश्न आजही खरा आहे.

सोर्स दिसतो पण हक्क बदलतात, असंही घडतं. कुबरनेटीसचं प्रतिस्पर्धी नोमॅड हे सुटसुटीत साधन हॅशीकॉर्पने ऑगस्ट २०२३मध्ये मुक्त परवान्यातून काढून बिझनेस सोर्स परवान्याखाली आणलं. कोड आजही वाचता येतो, बिल्ड करता येतो. पण त्यावर कंपनीशी स्पर्धा करणारी सेवा उभारता येत नाही. कुबरनेटीसची मालकी एका कंपनीकडे नसल्याने तिथे हा धोका फार कमी आहे.

रोजच्या वापरासाठी प्रत्येक कंपनीने आपलं बिल्ड चालवावं का? माझं उत्तर नाही असं आहे. वर्षाला तीन आवृत्त्या येतात, प्रत्येकीला सुमारे १४ महिने आधार मिळतो आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या मध्येच येतात. डिसेंबर २०१८मध्ये एपीआय सर्व्हरमध्ये अत्यंत गंभीर दोष सापडला; पुढे के३एस बनवणाऱ्या डॅरेन शेफर्ड यांनीच तो शोधला होता. त्या दिवशी अधिकृत बायनरी वापरणाऱ्यांनी नवी आवृत्ती उतरवली. स्वतःचं बिल्ड चालवणाऱ्याला तीच दुरुस्ती घ्यायची, बिल्ड करायची, तपासायची आणि मग लावायची. शिवाय अधिकृत आवृत्ती हजारो नोडच्या चाचण्यांतून जाते. तेवढी चाचणी एखाद्या कार्यालयात होणं शक्य नाही.

पण बिल्ड करता येण्याची क्षमता घरात असणं, याला पर्याय नाही. आधार संपलेल्या आवृत्तीवर एखादी संस्था अडकून पडली असेल, तर सुरक्षेची दुरुस्ती मागे नेऊन लावणं तिलाच जमतं जिच्याकडे हे कौशल्य आहे. भारत सरकारने २०१५मध्ये मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण जाहीर केलं. त्याचं खरं फळ तेव्हा मिळेल, जेव्हा सरकारी आणि सहकारी संस्थांच्या संगणक विभागांत दोन-तीन माणसं तरी अशी असतील की ज्यांनी आपण चालवतो ते सॉफ्टवेअर किमान एकदा सोर्सपासून बिल्ड केलं आहे, त्याची लेखी कृती ठेवली आहे आणि दर नव्या आवृत्तीला ती पुन्हा चालवून पाहिली आहे. कंत्राटदाराने बसवून दिलेल्या क्लस्टरवर नागरिकांची माहिती ठेवणाऱ्यांकडून एवढी अपेक्षा फार नाही.

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत कुबरनेटीस शिकवताना विद्यार्थ्यांना तयार क्लस्टरवर आज्ञा द्यायला लावतात, तिथेही हा बदल व्हावा. एका सत्राचा प्रकल्प म्हणून वर्गाला गटांत विभागा. प्रत्येक गटाने एकाच टॅगचं कुबसीटीएल, त्याच गो आवृत्तीने, वेळ ठरवून, वेगवेगळ्या मशीनवर बिल्ड करावं आणि हॅश आपसांत व अधिकृत बायनरीशी ताडून पाहावेत. जुळले नाहीत तर का जुळले नाहीत ते शोधावं. कोड, गो आणि लागणारी सगळी साधनं मोफत आहेत. या उन्हाळ्याच्या सुट्टीतच सुरुवात करा.